मुलगा आजोबांवर जाणार का? वॉरियर जीन, उत्क्रांती आणि मारामारी करणारं पोर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचे सासरे तरुणपणी खुनाच्या केसमध्ये आत जाऊन आलेले, नवरा दारू पिऊन हात उचलतो, आणि आता नऊ वर्षांचा मुलगा शाळेत मारामाऱ्या करतो म्हणून तक्रारी यायला लागल्यात. घरात सगळे म्हणतात रक्तच तसं आहे, खाण तशी माती. ताईंनी कुठेतरी ‘वॉरियर जीन’, म्हणजे माणसाला हिंसक बनवतो असं म्हटला जाणारा जीन, याबद्दल वाचलं आणि मुलाची ती टेस्ट करून घेऊ का असं विचारलंय. शिवाय पुरुष उत्क्रांतीनेच हिंसक असतील तर आपण करणार तरी काय, आणि मुलाला आजोबांबद्दल सांगायचं की लपवायचं, हेही विचारलंय.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, लहान आणि किशोरवयीन मुलं हेच मुख्य काम, त्यात निरीक्षणगृहातली, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून आणून ठेवलेली मुलंही बरीच वर्षं बघत आलेय. ताई, उत्तर लांब आहे पण मुख्य गोष्ट आधीच सांगते: टेस्ट करू नका, आणि घरात मुलाला कुणी मारत असेल तर ते आजच थांबवा. गंमत म्हणून नाही सांगत, ज्या संशोधनामुळे हा जीन जगभर गाजला तेच संशोधन नीट वाचलं तर हीच दोन वाक्यं निघतात.

या जीनचं खरं नाव एमएओए. मेंदूतली सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं काम झाल्यावर मोडीत काढणारं एक एन्झाइम असतं, ते बनवायची कृती या जीनमध्ये असते. गोष्ट सुरू होते नेदरलँड्समध्ये. तिथल्या एका मोठ्या कुटुंबात पिढ्यानपिढ्या काही पुरुष विचित्र वागायचे, बुद्धी थोडी कमी, आणि राग आला की एकदम टोकाचं काहीतरी, कुणी आग लावलेली, कुणी बलात्काराचा प्रयत्न केलेला. त्या घरातल्या बायकाच शेवटी डॉक्टरांकडे गेल्या की आमच्या मुलांना हे होणार का ते सांगा. म्हणजे ताई, तुमचाच प्रश्न. हान्स ब्रुनर आणि त्यांच्या टीमने १९९३ मध्ये दाखवलं की या पुरुषांमध्ये ते एन्झाइम बनतच नव्हतं, जीन पूर्ण बंद. पण हा प्रकार इतका दुर्मिळ आहे की त्यानंतर जगात अशी मोजकीच कुटुंबं सापडली. तुमच्या घरातल्या गोष्टीशी याचा संबंध असण्याची शक्यता नसल्यात जमा आहे.

आणि आता जी गोष्ट सांगतेय ती लेखांमध्ये सहसा येतच नाही. जीन्स ज्या धाग्यांवर बसलेले असतात त्यांना क्रोमोसोम म्हणतात, आणि एमएओए हा जीन एक्स नावाच्या क्रोमोसोमवर असतो. मुलाला एक्स मिळतो आईकडून, बापाकडून मिळतो वाय. म्हणजे सासऱ्यांकडून नवऱ्याला आणि नवऱ्याकडून तुमच्या मुलाला हा जीन जाऊच शकत नाही, बाप-मुलगा या रस्त्याने तो प्रवासच करत नाही. जे घर म्हणतंय की आजोबांचं रक्त उतरलं, त्या घराला हा जीन पुरावा म्हणून वापरताच येणार नाही. फक्त एक विनंती, हे घरात सांगायला जाल तर लगेच कुणीतरी म्हणेल ‘म्हणजे हिच्या माहेरचंच आहे’, तर तेही चूक आहे, आणि का चूक आहे ते पुढे बघा.

जगात ज्याची चर्चा होते ते या जीनचं ‘कमी सक्रिय’ रूप आहे, बंद पडलेलं नाही. हे रूप युरोपियन वंशाच्या साधारण एक तृतीयांश पुरुषांमध्ये असतं, काही समाजांत त्याहून जास्त. एवढ्या लोकांत असलेली गोष्ट जर माणसाला खुनी बनवत असती तर रस्त्यावर चालता आलं नसतं. मग हे नाव कुठून गाजलं? न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांना लहानपणापासून फॉलो करणारा एक अभ्यास आहे, आजही चालू आहे. अवशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यातल्या मुलग्यांचा डेटा काढला. प्रश्न असा होता की लहानपणी मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार सोसलेली सगळीच मुलं मोठेपणी हिंसक होत नाहीत, काही होतात काही नाही, असं का. उत्तर आलं की ज्यांचा लहानपणी छळ झाला आणि ज्यांचं एमएओएचं कमी सक्रिय रूप होतं अशी मुलं होती फक्त १२ टक्के, पण हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर. हेडलाइन झाली ‘हिंसेचा जीन सापडला’.

पण ताई, त्याच पेपरमधली दुसरी बाजू बघा. कमी सक्रिय रूप असलेली, पण घरात मारहाण न झालेली मुलं? ती बाकीच्यांसारखीच निघाली, वेगळी काहीच नाही. जीन तोच, गुन्हेगारी नाही. आणि ज्यांचा जीन ‘चांगला’ होता पण ज्यांना बडवलं गेलं ती मुलंही त्यातून पूर्ण सुटली होती असं नाही, फक्त परिणाम कमी होता. नंतर अनेकांनी हे परत करून बघितलं, कधी सापडलं कधी नाही, सगळे अभ्यास एकत्र केले तर पुरुषांमध्ये हा जीन आणि मारहाण मिळून होणारा परिणाम दिसतो पण एखाद्या एका मुलाचं भविष्य सांगण्याइतका तो अजिबात नाही. म्हणजे ज्याला सगळे जीनचं संशोधन म्हणतात ते मुळात लहान मुलांना मारण्यावरचं संशोधन आहे. टेस्टचा रिपोर्ट काहीही आला तरी मी तुम्हाला तेच सांगणार, मारू नका. मग पैसे घालवून रिपोर्ट आणायचा कशाला, आणि तो रिपोर्ट एकदा घरात आला की त्या पोरावर जो शिक्का बसेल तो कोण काढणार?

शिक्क्याचं मी उगाच म्हणत नाहीये, जीवशास्त्राच्या नावाने असे शिक्के मारायचा इतिहास मोठा आहे. इटलीत चेझारे लोम्ब्रोसो नावाचे डॉक्टर होते, १८७६ मध्ये त्यांनी मांडलं की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो, कवटी, जबडा, कान बघून ओळखता येतो. पुढे १९६५ मध्ये स्कॉटलंडच्या एका बंदिस्त हॉस्पिटलमधल्या पेशंटांत एक जादा वाय क्रोमोसोम असलेले पुरुष जास्त सापडले आणि ‘एक्सवायवाय म्हणजे डबल पुरुष, म्हणून डबल हिंसक’ अशी आवई उठली. डेन्मार्कमध्ये १९७६ मध्ये चार हजारांवर उंच पुरुष तपासले तेव्हा कळलं की असे पुरुष तुरुंगात थोडे जास्त दिसतात, पण हिंसेच्या गुन्ह्यांमुळे नाही, साध्यासुध्या गुन्ह्यांत, आणि त्यातही बुद्धी थोडी कमी असल्याचा हात असावा असं दिसलं. तोवर कित्येक पोरांच्या आईबापांची झोप उडून गेली होती.

आपल्याकडे तर हा शिक्का अख्ख्या जमातींवर मारला गेला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पसरला, आणि पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं गेलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात लोकांना ठेवलं होतं, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, या जमाती विमुक्त झाल्या, पण आजही कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावरच धाड पडते. माझ्याकडे निरीक्षणगृहातून आलेल्या मुलांमध्ये अशी पोरं असतात ज्यांनी काही केलेलं नसतं. म्हणून ‘रक्तातच आहे’ हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून ऐकलं की मला राग येतो, तुमच्या सासूबाईंच्या तोंडून असो नाहीतर एखाद्या शिकलेल्या माणसाच्या.

मग जीन्सचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो लपवणं अप्रामाणिकपणा होईल. जुळ्या आणि दत्तक मुलांवरचे ५१ अभ्यास २००२ मध्ये सू ह्युन ऱ्ही आणि अर्विन वॉल्डमन यांनी एकत्र केले, समाजविघातक वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ४१ टक्के फरक जीन्समुळे असं आलं. पण या आकड्याचा अर्थ ‘माझा मुलगा ४१ टक्के आजोबा आहे’ असा होत नाही. तो समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही. आणि त्यात एक जीन नसतो, शेकडो-हजारो असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि ते ‘हिंसा’ म्हणून काही करत नाहीत, कुणाला चटकन राग येतो, कुणाला भीती कमी वाटते, कुणाला थांबायला जमत नाही, असे स्वभाव बनवतात. भीती कमी वाटणारं पोर पुढे फायर ब्रिगेडमध्येही जातं. तुमच्यासाठी अजून एक गोष्ट, डेन्मार्कमध्ये दत्तक दिलेल्या चौदा हजारांवर मुलांच्या नोंदी सार्नॉफ मेडनिक यांनी १९८४ मध्ये तपासल्या, जन्मदात्या बापाला शिक्षा झालेली असेल तर मुलाला चोरीसारख्या गुन्ह्यांत शिक्षा व्हायची शक्यता थोडी वाढत होती, पण हिंसक गुन्ह्यांत असा संबंध दिसला नाही. नंतर स्वीडनच्या मोठ्या नोंदींत थोडा दिसला, पण तिथेही कोणत्या घरात मूल वाढलं त्याचा वाटा होताच.

कोर्टातही हे प्रकरण जाऊन आलंय. अमेरिकेत टेनेसीमध्ये २००९ मध्ये एका खटल्यात आरोपीच्या बाजूने सांगण्यात आलं की याला तो जीन आहे आणि लहानपणी मारही खाल्लाय, ज्युरीने ठरवून केलेला खून न धरता कमी गंभीर गुन्हा धरला. त्याच वर्षी इटलीत ट्रिएस्टेच्या अपील कोर्टाने एका खुन्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली. मला स्वतःला हे पटत नाही. एक तृतीयांश लोकांत असलेल्या गोष्टीवरून एका माणसाची जबाबदारी कमी-जास्त कशी करणार?

आता उत्क्रांतीचा प्रश्न. इथे मी थोडी रेंगाळणार, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त घसरतात.

धारवाडच्या जंगलात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारु सुगियामा हे जपानी संशोधक वानरांच्या टोळ्या बघत होते, आपली नेहमीची काळ्या तोंडाची वानरं. एका टोळीत एक मोठा नर, बऱ्याच माद्या आणि त्यांची पिल्लं असतात, बाकीचे नर बाहेर टोळकं करून फिरतात. बाहेरच्या नरांनी हल्ला करून जुन्या नराला हाकललं आणि त्यानंतर टोळीतली तान्ही पिल्लं एकेक करून मारली गेली. आधी लोकांना वाटलं ही विकृती आहे, गर्दीमुळे डोकं फिरलंय. मग १९७० च्या दशकात सारा ब्लॅफर हर्डी यांनी माउंट अबूला हेच बघितलं आणि वेगळं मांडलं: पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी परत गाभण राहत नाही, नव्या नराची सत्ता साधारण दोन-तीन वर्षांची, त्यामुळे दुसऱ्याचं पिल्लू मारणाऱ्या नराची स्वतःची पिल्लं जास्त होतात आणि ती वृत्ती पुढे जाते. नर काही हिशोब मांडून बसत नाही, पण निवड त्याच्या बाजूने झालेली असते. सुरुवातीला यावर खूप भांडणं झाली, आज बहुतेक संशोधक हे मानतात. पण हर्डींनी दुसरी बाजूही दाखवली, जी कुणी सांगत नाही: माद्या गप्प बसत नाहीत. त्या एकत्र येऊन पिल्लाला वाचवायला भिडतात, अनेक नरांशी संबंध ठेवतात म्हणजे पिल्लू कुणाचं हे कुठल्याच नराला नक्की कळू नये. हिंसा निवडली गेली तशी हिंसेला थोपवायची वृत्तीही निवडली गेली. एकच अर्धं ऐकून ‘निसर्गच असा आहे’ म्हणणाऱ्यांनी उरलेलं अर्धंही ऐकावं.

आपल्या जवळचे नातेवाईक म्हणजे चिंपांझी आणि त्यांच्यासारखेच दिसणारे बोनोबो, दोघंही आपल्याला सारखेच जवळचे. टांझानियात गोम्बेला जेन गुडॉल यांच्या डोळ्यांसमोर १९७४ ते १९७८ या काळात एका गटाने शेजारच्या गटाचे नर एकेक करून संपवले, हे नर आधी एकाच गटातले, एकमेकांना ओळखणारे. तेव्हा अनेकजण म्हणाले माणसांनी केळी खायला घालून त्यांना बिघडवलं. २०१४ मध्ये १८ चिंपांझी गटांचा आणि ४ बोनोबो गटांचा मिळून डेटा आला: चिंपांझींनी केलेल्या, बघितलेल्या आणि संशयित धरून, १५२ हत्या, बोनोबोंमध्ये फक्त एक, तीही संशयित. आणि केळी वगैरे माणसाच्या हस्तक्षेपाशी संबंध सापडला नाही. मला त्यातला एक आकडा फार महत्त्वाचा वाटतो, हल्ला करणारे आणि सापडलेला बळी यांचं प्रमाण साधारण आठास एक होतं. म्हणजे हे भान सुटलेलं भांडण नाही, अंगावर काही येणार नाही याची खात्री झाल्यावर केलेला हल्ला आहे. चिंपांझींचे अभ्यासक रिचर्ड रँगहॅम म्हणतात की हिंसा दोन जातींची असते, एक चिडून लगेच उसळणारी आणि दुसरी थंड डोक्याने ठरवून केलेली, आणि माणूस पहिल्या प्रकारात चिंपांझीपेक्षा खूप शांत आहे, दुसऱ्या प्रकारात मात्र भयंकर. लोकलच्या डब्यात अनोळखी माणसं एकमेकांना खेटून तासभर उभी राहतात, तेवढे अनोळखी चिंपांझी एका डब्यात कोंडले तर रक्तपात होईल.

सगळ्या सस्तन प्राण्यांचा हिशोबही झालाय. २०१६ मध्ये होसे मारिया गोमेझ आणि सहकाऱ्यांनी १,०२४ जातींचा डेटा घेतला, आपल्याच जातीच्या हातून मरण्याचं प्रमाण सस्तन प्राण्यांत सरासरी ०.३ टक्के, आणि माणूस ज्या शाखेवर आहे त्यावरून त्याचा अंदाज निघाला २ टक्के. म्हणजे वारसा आहे, नाकारून चालणार नाही. पण माणसांचे समाज या २ टक्क्यांवर कायमचे थांबले नाहीत, काही काळात खूप वर गेले, काही काळात खूप खाली. मॅन्युएल आइस्नर यांनी युरोपच्या जुन्या नोंदी काढल्या, मध्ययुगात वर्षाला लाखामागे साधारण २० ते ४० खून, आज एकाच्या आसपास. पाच-सहाशे वर्षांत जीन्स एवढे बदलत नाहीत. बदललं ते कोर्ट, पोलीस, राज्य, लोकांच्या अब्रूच्या कल्पना.

अब्रू म्हटलं की माझ्या रोजच्या कामातली गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही नाही यात, कारण अशी पोरं एकसारखीच गोष्ट सांगतात. वय सतरा-अठरा, हातून चाकू लागलेला, समोरचा हॉस्पिटलमध्ये. मी विचारते काय झालं, तो म्हणतो ‘तो माझ्याकडे बघत होता’. मग? ‘मी म्हटलं काय बघतो.’ मग? ‘तो शिवी देऊन हसला.’ मग मी विचारते तिथे अजून कोण होतं, आणि इथे पोराचा चेहरा बदलतो, ‘सगळे होते ना मॅडम, सगळी पोरं होती टपरीवर’. एकटा असता तर निघून गेला असता का, विचारलं की जवळजवळ प्रत्येक पोरगा म्हणतो, हो, गेलो असतो. आईवरून शिवी दिली म्हणून राग आला हे खरं असतं, पण चाकू बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे बघणारी माणसं. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी यालाच १९८५ मध्ये तरुण पुरुषांचं दुखणं म्हणून मांडलं होतं. ज्या जातीत नरांची चढाओढ जास्त आणि हरणाऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही तिथे तरुण नर जोखीम घेतो, आणि ज्याच्याकडे नोकरी नाही, लग्न ठरत नाही, उद्याचा भरवसा नाही त्याच्यासाठी टपरीवरची इज्जत हीच एकमेव कमाई असते. याच दोघांनी शिकागोच्या वस्त्यांचा डेटा काढून १९९७ मध्ये दाखवलं की जिथे सरासरी आयुष्य कमी तिथे खून जास्त. आपल्याकडे २०२२ मध्ये खुनाच्या २८,५२२ केसेस नोंदल्या गेल्या, त्यात कारण म्हणून सगळ्यात वर ‘वाद’, ९,९६२. पैशासाठी केलेले त्याच्या आसपासही नाहीत.

आणि टेस्टोस्टेरॉन? त्याच्यावर फार भार टाकतात लोक. २०१० च्या एका प्रयोगात बायकांना टेस्टोस्टेरॉन देऊन पैसे वाटायचा खेळ खेळायला लावला, ज्यांना खरंच दिलं त्यांनी जास्त न्याय्य वाटप केलं, आणि ज्यांना वाटलं की आपल्याला दिलंय त्या जास्त स्वार्थी वागल्या. हे हार्मोन माणसाला आपला मान राखायला लावतं, आता मान कशाने मिळतो ते तुमच्या भोवतालावर आहे.

भोवताल किती बदलू शकतो याचं एक उदाहरण मी प्रत्येक पालकाला सांगते. केनियात बबून माकडांची एक टोळी होती, रॉबर्ट सापोल्स्की त्यांचा अभ्यास करायचे. १९८० च्या दशकात शेजारच्या टुरिस्ट लॉजच्या कचऱ्याच्या ढिगावर खायला जाणारे नर टीबीने मेले, आणि तिथे घुसून भांडायची हिंमत ज्यांच्यात होती तेच सगळ्यात मारकुटे नर होते. मागे उरल्या माद्या आणि शांत नर. टोळी बदलली, मारामाऱ्या कमी, एकमेकांच्या अंगातल्या उवा काढणं जास्त. बबूनचे तरुण नर जन्माची टोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातात, त्यामुळे १९९३ पर्यंत त्या जुन्या शांत नरांपैकी एकही उरला नव्हता, सगळे बाहेरून आलेले, मारकुट्या टोळ्यांत वाढलेले. तरी टोळी शांतच राहिली. नवे नर आले आणि इथे असं वागत नाहीत हे शिकले. जीन्स बबूनचेच, ताई.

माणसाच्या पोराबद्दलही हेच. कॅनडाचे रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांना वर्षानुवर्षं फॉलो केलं, माणूस सगळ्यात जास्त मारतो, चावतो, ढकलतो ते दोन-तीन वर्षांचा असताना. मारणं कुणी शिकवावं लागत नाही, न मारणं शिकवावं लागतं. बहुतेक मुलं शाळेत जाईपर्यंत शिकतात. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा होऊनही मारतोय याचा अर्थ त्याच्यात काहीतरी जास्त आहे असा नाही, तर काहीतरी शिकायचं राहिलंय, किंवा घरात रोज उलटं शिकतोय. बापाने आईवर हात उचललेला जे पोर बघतं त्याच्या मेंदूला हा धडा फार लवकर मिळतो की मोठा माणूस वाद असाच संपवतो.

म्हणून आता काय करायचं ते. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा, पण जीनसाठी नाही. झोप पुरेशी होते का, ऐकू नीट येतं का, फिट्स येतात का, कधी डोक्यावर पडून बेशुद्ध झाला होता का, वाचायला-लिहायला अडतो का, हे सगळं बघून घ्या. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, आहे का ते नक्की तपासा, कारण ते असेल तर उपचाराने फरक पडतो, स्वीडनमध्ये २०१२ साली पंचवीस हजारांवर एडीएचडी पेशंटांच्या नोंदी बघितल्या तेव्हा पुरुषांमध्ये औषधं चालू असलेल्या काळात गुन्ह्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी होतं. घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालत असेल, किंवा घरातच कुणी ते करत असेल, तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. लहानपणी शरीरात गेलेलं शिसं आणि मोठेपणीच्या अटका यांचा संबंध अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांमध्ये दिसलाय. खाण्याकडेही लक्ष द्या. मॉरिशसमध्ये, जिथे आपली मराठी माणसंही पिढ्यानपिढ्या आहेत, १९७० च्या दशकात तीन ते पाच वयाच्या १०० मुलांना दोन वर्षं चांगलं जेवण, खेळ-व्यायाम आणि चांगली बालवाडी दिली. तेवीसाव्या वर्षी त्यांच्यातलं गुन्ह्यांचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी होतं, आणि ज्यांचं पोषण आधी वाईट होतं त्यांच्या वागण्यात फरक जास्त पडला. तुमचा मुलगा नऊचा आहे, तरी उशीर झाला असं समजू नका.

घरात मात्र पद्धत बदलावी लागेल. वाईट वागला की ओरडा आणि चांगला वागला की कुणाचं लक्षच नाही, असं असेल तर पोर भांडूनच लक्ष मिळवणार. भावाला मारायला हात उचलला आणि थांबला, तर त्या क्षणी सांगा ‘थांबलास, बरं केलंस’. शिक्षा द्यायची तर छोटी, लगेच, दर वेळी सारखीच, आणि मारून कधीच नाही. शाळेत मारणं तर शिक्षण हक्क कायद्याने बंदच आहे, ते होत असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. हे नीट शिकवणारे पालक प्रशिक्षणाचे वर्ग असतात, लहान मुलांच्या मानसोपचार विभागात विचारा, मारामारी करणाऱ्या मुलांसाठी औषधाच्या आधी हेच करतात.

आजोबांबद्दल सांगायचं का? सांगा, पण तुम्ही सांगा, आणि कुणी टोमणा मारायच्या आधी. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं की आजोबांच्या हातून एकदा फार मोठी चूक झाली, एक माणूस गेला, त्याची शिक्षा त्यांनी भोगली. प्रश्न विचारेल तेवढंच उत्तर द्या. लपवलेलं पोरांना कळतंच, आणि मग ते आपल्या मनाने अर्थ लावतात की आपल्यातही काहीतरी आहे म्हणून कुणी बोलत नाही. आणि ‘आजोबांवर गेलाय’ हे वाक्य घरात बंद करा. निरीक्षणगृहात मी पोरांना विचारते तू स्वतःबद्दल काय सांगशील, आणि त्यातली कित्येक पोरं घरच्यांनी दिलेलं तेच वाक्य मला ऐकवतात.

नवऱ्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कमी महत्त्वाचं म्हणून नाही. मुलावरचे सगळे उपाय एका बाजूला आणि घरातली दारू-मारहाण दुसऱ्या बाजूला, दुसरी बाजू तशीच राहिली तर पहिलीचा उपयोग फार कमी होतो. दारू सोडायला उपचार आहेत, सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात होतात, १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं. तो तयार नसेल तर तुमच्या सुरक्षिततेची वाट त्याच्या तयारीवर थांबवू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तर ते कुठे भेटतील ते कळतं, मुलावर हात पडत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. आणि मुलगा जनावरांना मुद्दाम त्रास देतोय, आग लावतोय, कुणाला लागल्यावर त्याला काहीच वाटत नाहीये, किंवा स्वतःला इजा करायचं बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.